पत्र्याचं काम

१७ मार्च, सोमवार

बॅटरीवाल्याने नव्या वर्षाची डायरी दिलेली, ती मिस्त्रींनी माझ्याकडे फेकली. इतके दिवस उशाला होती. आज लिहायला काढली, कारण हे कुणाला सांगायला गेलो तर हसतील.

आज गॅरेजात नवीन माणूस आला. धम्मपाल. राहायला विठ्ठलवाडी, माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा असेल. सहदेव मिस्त्रींनी त्याला खांद्यावर हात ठेवून आत आणलं. माझ्या खांद्यावर त्यांनी एकदाच हात ठेवलेला, तोही ग्रीस पुसायला.

आमच्या ह्या कोलशेतच्या गॅरेजात फक्त जुन्या गाड्या येतात. सध्या डोंबिवलीच्या विमलाबाईंची बीटल आहे. रस्त्यावरची पोरं तिला कासव म्हणतात. इंजिन मागे, जिथे बाकीच्या गाड्यांची डिकी असते तिथे. ते इंजिन उतरवून, धुऊन, पुसून टेबलावर मी ठेवलं. वाटलेलं, ह्या वेळी तरी मिस्त्री म्हणतील, नाथा, खोल. त्यांनी पाना धम्मपालच्या हातात दिला आणि मला म्हणाले, "तू पत्रा बघ."

ह्या इंजिनला चारी बाजूंनी पत्र्याची झाकणं, पट्ट्या, आडोसे असतात. सगळे गंजलेले. ते खरवडायचे, ठोकून सरळ करायचे, काळा रंग मारायचा.

माझा बाप जतच्या पुढं आमच्या गावात पत्र्याचे बंब आणि धान्याच्या कोठ्या बनवतो. त्याच ठोकठोकीला कंटाळून मी आठवीतून पळालो. सांगली, पुणे, नाशिक करत ठाण्याला आलो. एवढं लांब येऊन हातात परत पत्रा.

२० मार्च

मिस्त्रींनी आज धम्मपालला इंजिन समजावलं. त्याला सगळं येत होतं, तरी समजावलं. ह्या इंजिनला पाणी नाही, रेडिएटर नाही. पट्ट्यावर पंखा फिरतो. तो पत्र्याच्या पेटीत बसलेला असतो, वरून गार हवा ओढतो आणि सिलिंडरवर खाली ढकलतो. सिलिंडर गार होतात, हवा गरम होऊन खालून बाहेर पडते. बस, एवढंच.

"पण हवा लय आळशी असते," मिस्त्री म्हणाले. "सोपी वाट दिसली की तिकडून पळते. तिला हाताला धरून न्यावं लागतं. पंखा कितीही फिरू दे, वाट चुकली की इंजिन गेलं."

हे सांगताना ते सारखे माझ्याकडे बघत होते. ह्याच्या डोक्यात शिरणार नाही, असं वाटत असणार.

मग धम्मपालला म्हणाले, "अक्षय तृतीयेला बाईंना ह्या गाडीने माळशेज चढून जुन्नरला भावाकडे जायचंय. गाडी घाट चढली की इंजिनचं टेबल तुझं. पुढे एका शेठच्या अजून अशाच गाड्या यायच्यात. नाही चढली तर मग मी दुसरा बघतो. इंजिनला दोन माणसं मला परवडत नाहीत."

म्हणजे माझं नाव कुठेच नाही.

२७ मार्च

बाई येऊन गेल्या. सत्तरी ओलांडलेली, पण ताठ. मास्तरीण होत्या. मी त्यांना बसायला स्टूल पुसून दिलं, कोल्ड्रिंक आणलं. त्या अर्धा तास धम्मपालशी बोलत बसल्या.

"आमच्यांनी कधी कुणाला हिच्या इंजिनला हात लावू दिला नाही हो," त्याला म्हणाल्या.

"मी पण हात धुऊनच लावतो, मॅडम," हा म्हणाला. बाई हसल्या. मिस्त्री हसले. ह्यात हसण्यासारखं काय होतं?

पंख्याच्या पेटीला एका बाजूला पोचा आलेला. मी आतून लाकडी ठोकळा लावून हलक्या हाताने काढला. बोट फिरवलं तर कुठे पोचा होता ते सापडेना. धम्मपाल बघत उभा राहिला. म्हणाला, "हे मला जन्मात जमणार नाही रे."

टोमणा मारायची पण एक पद्धत असते.

५ एप्रिल

त्याचा डबा. रोज तीन पुडाचा. बायको मृणाल दवाखान्यात कामाला आहे, तरी पहाटे उठून करते म्हणे. आज सुकट होती आणि तांदळाची भाकरी. एक पूड माझ्याकडे सरकवला.

"खा रे. पोटमाळ्यावर एकटा काय शिजवतोस, मॅगी?"

म्हटलं मला सुकट आवडत नाही. मला सुकट फार आवडते. वडापाव खाल्ला आणि त्याच्या भाकरीचा वास घेत बसलो.

गॅरेजात सगळे त्याला धम्मादादा म्हणायला लागलेत. टायरवाला पंढरी त्याच्यापेक्षा मोठा आहे, तो पण म्हणतो. मी म्हणत नाही.

त्याने एकदा विचारलं, आठवड्याला घरी फोन करतोस ना? म्हटलं करतो. करत नाही.

१४ एप्रिल, सोमवार

आज जयंती. धम्मपालला सुट्टी, मिरवणूक आहे. मिस्त्रींनी मागायच्या आधीच दिली. "जा, आईला घेऊन जा, काम आम्ही करतो." आम्ही म्हणजे मी.

इंजिन त्याने शनिवारीच जुळवून ठेवलेलं. आज पत्रे चढवून ते गाडीत बसवायचं होतं. मनात आलं, त्याच्याशिवाय बसवून दाखवतो.

सगळे पत्रे बसले, एक सोडून. इंजिनच्या पुढच्या अंगाला, गिअरबॉक्सच्या बाजूला एक आडवी पट्टी असते. ती गंजून चाळणी झालेली. नवीन कापायची म्हणजे दिवस गेला असता आणि मला ते आजच बसवायचं होतं. शिवाय मला वाटलं, आणि अजूनही वाटतं, की तिथे मोकळं राहिलं तर बरंच आहे. ह्या गाड्या थंडीच्या देशात बनलेल्या. तिकडे झाकून ठेवत असतील. ठाण्याच्या एप्रिलात कोण दारं लावून बसतं? जेवढी फट तेवढा वारा. पट्टी भंगाराच्या ड्रमात टाकली.

एकदा इंजिन वर चढलं की ती जागा मागून दिसतच नाही. मिस्त्रींनी जॅक दाबला, मी खालून नट आवळले. पहिल्याच सेल्फला सुरू झालं. मिस्त्री म्हणाले, "शाब्बास."

मग म्हणाले, "धम्मपालने मस्त जुळवलंय."

१९ एप्रिल

आज ट्रायल. घोडबंदर रोडने गायमुखचा चढ. धम्मपाल चालवत होता, मी मागे. जाताना ठीक होती. परतताना ताकद पडली, गरम तेलाचा वास सुटला, सिग्नलला थांबल्यावर ऑइलचा दिवा मिचमिचायला लागला.

गॅरेजात मिस्त्रींनी ऑइलची काडी बाहेर ओढली. त्यांची जुनी पद्धत आहे, काडीचं टोक चिमटीत धरायचं. धरवलं तर इंजिन ठीक. त्यांनी धरली आणि लगेच सोडली. बोटं शर्टाला पुसली.

"धम्मपाल, हे काय?"

"बघतो मिस्त्री. टायमिंग असेल."

त्याचा चेहरा पहिल्यांदाच उतरलेला बघितला. मी जाऊन दोन वडापाव खाल्ले. बऱ्याच दिवसांनी चव लागली.

२२ एप्रिल

टायमिंग बघितलं, कार्बोरेटर खोलला, पट्टा आवळला, ऑइल बदललं. तरी तेच. आज तर काडीला हात लावायच्या आधीच आच लागत होती.

मिस्त्री सगळ्यांसमोर बोलले. "मी तुला कारागीर म्हणून आणलं. आठ दिवसांत घाट आहे. वर बाईंचं इंजिन जाम झालं तर मी त्यांना काय तोंड दाखवू? शनिवारपर्यंत बघ, नाहीतर तुझा तू मोकळा."

तो परत कार्बोरेटरकडे वळला. मला आनंद झाला. संध्याकाळी वडापाव मात्र अर्धाच गेला. वड्याचं तेल जुनं असणार.

पट्टीचा विचार मनात आला. पण फटीने कुठे इंजिन गरम होतं? फटीने तर गार होतं. आणि मी कशाला सांगू? मला कुणी विचारलं का?

२४ एप्रिल

धम्मपालने देवाच्या फोटोसमोरची उदबत्ती उचलली. मी म्हटलं, "आता पूजा घालणार का इंजिनला?" म्हणाला, "चालू कर गाडी."

गाडी लोखंडी घोड्यांवर चढवून उचललेली होती. मी सुरू करून मागे झाकण उघडून उभा राहिलो. तो उदबत्ती पेटवून गाडीखाली सरकला. मला कळेना हा काय करतोय. मग दिसलं.

धूर खाली, बाहेर जायला पाहिजे होता. पण तो वर येत होता. इंजिनच्या पुढच्या अंगाने, माझ्या त्या फटीतून, एक बारीक रेघ वर यायची आणि वाकून सरळ पंख्याच्या तोंडात जायची. पंखा खालची गरम हवा ओढत होता. जी एकदा सिलिंडर भाजून बाहेर पडली तीच परत वर, परत सिलिंडरवर. माझ्या फटीने इंजिन स्वतःचाच वाफारा पीत होतं.

खालून त्याने विचारलं, "वर काही दिसतंय का रे?"

मी म्हणालो, "नाही."

तो बाहेर आला. झाकणाशी येऊन उभा राहिला. चंदनाचा वास सगळा वर पसरलेला. त्याने नाकाने एकदा श्वास ओढला, माझ्याकडे बघितलं, आणि हात धुवायला निघून गेला.

वाचलो. त्याला कळलं नाही.

२५ एप्रिल, शुक्रवार

सकाळी उतरून आलो तर माझ्या कामाच्या फळीवर ती गंजलेली पट्टी. भंगाराच्या ड्रमातली. तिच्याखाली नवा कोरा पत्रा, बाजूला कातर.

 म्हणजे त्याला कळलंय. आता मिस्त्री आले की सगळ्यांसमोर माझी शोभा करणार. मी बॅगसुद्धा भरली.

मिस्त्री आले. धम्मपाल त्यांना म्हणाला, "मिस्त्री, इंजिन परत उतरवतो. मला क्लचची शंका आहे."

"क्लचने इंजिन गरम होतं होय?"

"एकदा बघून घेतो."

मिस्त्री वैतागले, पण हो म्हणाले. मी सगळा दिवस वाट बघितली. तो बोललाच नाही. माझ्या फळीकडे फिरकला पण नाही. असा माणूस जास्त वाईट. सांगून मोकळा होत नाही, दाबून ठेवतो आणि पुढे कधीतरी काढतो.

पट्टी कापायला घेतली. कड दुमडताना सारखी चिरत होती. शेवटी बाबांना फोन लावला. कडेला वळ कशी देता, विचारलं. 

म्हणाले, "पळून गेलास, आन तिथंबी पत्राच का?"

"सांगा की."

"एकदम वाकवायची न्हाई. थोडी थोडी, फिरवून फिरवून. आन सांधा घट्ट ठेव. बंबाची बुडातली कड ढिली राहिली तर लाकडं जळत्यात, आच बाहेर जाती, पाणी थंडच. तुला म्हाईत हाय की. तू अडवून ठेवायचास हातानं लहानपणी, आन भाजून घ्यायचास."

ते खरं आहे. विसरलो होतो.

पट्टी झाली. मापात बसली. कडेचं रबरही नवीन घातलं. धम्मपालने माझ्याबरोबर इंजिन वर चढवलं. एकदाही पट्टीकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं, चांगली झालेली.

२६ एप्रिल, शनिवार

पुन्हा गायमुख. आज मिस्त्री स्वतः बसले. परत आल्यावर त्यांनी काडी ओढली, चिमटीत धरली, आणि धरूनच ठेवली. धरून बोलत होते.

"काय होतं रे, धम्मपाल?"

"पुढची पट्टी नव्हती, मिस्त्री. खालची गरम हवा पंख्यात जात होती. नाथाने ओळखलं. पट्टी पण त्यानेच केली."

नाथाने ओळखलं. असं म्हणाला. मी तिथेच उभा होतो. माझ्याकडे बघितलंही नाही.

मिस्त्रींनी काडी आत सरकवली आणि माझ्याकडे बघितलं. मग त्याला म्हणाले, "म्हणजे आठवडाभर तू कार्बोरेटर खोलत बसलास आणि पोराला कळलं."

"हो."

"मग टेबल त्याचंच. मी बोललेलो, दोन माणसं परवडत नाहीत. बाईंची गाडी जाऊन आली की तू मोकळा."

तो नुसता "ठीक आहे" म्हणाला. मागच्या नळावर मी त्याला गाठलं.

"असं कशाला बोललास?"

"मग काय बोलू? तूच टाकलीस म्हणू? हाकलला असता तुला." हाताला साबण लावत होता. "मला विठ्ठलवाडीत घर आहे. मृणालची नोकरी आहे. उल्हासनगरला स्कूटरच्या गॅरेजात कधी पण घेतील. तू कुठे जाशील, नाशिकला परत?"

म्हणजे दया. मला टेबल मिळालं, महिनाभर जे मागत होतो ते मिळालं, आणि ते पण त्याच्या डब्यातल्या पुडासारखं माझ्याकडे सरकवलेलं.

मला आनंद व्हायला पाहिजे. शोधतोय.

३० एप्रिल, अक्षय तृतीया

माळशेज चढलो. बाई स्वतः चालवत होत्या. मी बाजूला, इंजिनचा माणूस म्हणून. मुरबाड सोडल्यावर ऊन असं की डांबर चमकत होतं.

घाटात बाई एकदम बोलायला लागल्या. "हे मला कधी चालवायला द्यायचे नाहीत. रविवारी सकाळी हिला आंघोळ, मग स्वतःला. चाळीस वर्षं मी ह्या गाडीवर जळले बघ. एकदा तर सुईने सीट टोचून ठेवली होती."

"मग?"

"मग काय. ते गेले आणि ही राहिली. आता कुणावर जळायचं?" गिअर टाकला. "वेळच्या वेळी सांगून टाकायला हवं होतं, की मलाही चालवायचीय. त्यांनी दिलीही असती. मी विचारलंच नाही, नुसती सीट टोचली."

मी बसल्या जागी सीटवरून हात फिरवला.

वर गाडी लावली. मी काडी काढली, चिमटीत धरली. गरम होती, पण धरवत होती. मग खाली वाकून इंजिनच्या बुडाशी हात नेला. खालून येणारी हवा भट्टीसारखी. हात वर नेला, पंख्याच्या तोंडाशी, तर घाटातला गार वारा आत जात होता. मधे माझी पट्टी. इकडचं तिकडे जात नव्हतं.

बाई म्हणाल्या, "एवढं काय बघतोस?"

म्हटलं, "काही नाही. धम्मादादाने इंजिन मस्त जुळवलंय."

२ मे, शुक्रवार

मिस्त्रींना सांगितलं. धम्मपाल आपली हत्यारं पिशवीत भरत होता, त्याच्यासमोर सांगितलं. पट्टी मीच टाकली. उदबत्तीचा धूर दिसला तेव्हा खोटं बोललो. त्याला माहीत होतं, त्याने झाकलं.

हे मी चांगला आहे म्हणून सांगितलं नाही. इथे तरी खरं लिहितो. त्याचं उपकाराचं टेबल मला रोज टोचलं असतं. तो उल्हासनगरला स्कूटर खोलत मोठा माणूस होऊन बसणार आणि मी इथे त्याच्यापेक्षा लहान. हे मला चालणार नव्हतं.

धम्मपाल म्हणाला, "गाढव आहेस."

मिस्त्रींनी मला काहीच म्हटलं नाही. ते वाईट. मग त्याला म्हणाले, "पिशवी ठेव खाली." आणि चहा पण न घेता घरी गेले.

माझं काय ते कुणी बोललं नाही. बॅग भरलेलीच आहे.

१३ मे, मंगळवार

मिस्त्री इतके दिवस माझ्याशी बोलत नव्हते. काम सांगायचं असलं तर पंढरीकरवी. मी झाडू मारला, टायर धुतले. जा म्हणाले नाहीत म्हणून गेलो नाही.

आज शेठची पहिली गाडी आली. ही पण हवेवर गार होणारी. इंजिन उतरवलं. मिस्त्रींनी त्याचे सगळे पत्रे काढून माझ्या पायाशी आणून टाकले, केवढा आवाज झाला. "एकूण एक. एक जरी कमी निघाला तर बापाकडे पाठवीन, बंब बनवायला." ह्यांना बाबांचं काम माहीत होतं. इथे कामाला आलो त्या पहिल्या दिवशी मी सांगितलेलं, मीच विसरलो.

धम्मपालने बाह्या वर केल्या, पाना उचलला. मिस्त्रींनी त्याचा हात धरला.

"थांब. पहिले पत्रा. पेटीची मापं त्याने घेतल्याशिवाय तू एक नट खोलायचा नाही."

तो टेबलाशी हात बांधून उभा राहिला. टेबल त्याचं. मला अजून हवंय, ते खोटं कशाला लिहू. पण तो उभा होता आणि मी पत्र्यावर मोजपट्टी लावून खुणा करत होतो. मधेच म्हणाला, "नाथा, आज सुकट आहे. तुला आवडत नाही ना?"

"आवडते."

"मग आटप की लवकर, दादा उभाय इथे कधीचा."

माझी मापं घेऊन झालेली. तरी मी एक तुकडा उचलून उजेडात धरला, उलटा केला, परत सुलटा केला.

थांबू दे म्हटलं जरा.